भुलेश्वर – सोनोरी – सासवड : पुण्याहून एका दिवसात काय जमेल, काय सोडावं?

घरकोंबडा
मंडळी, मार्गदर्शन हवंय. जानेवारीत नागपूरहून बहीण, मेहुणे, अकरावीतली भाची आणि आमची आत्या येतायत. आत्या सत्तरीची आहे. गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, सिंहगड मागच्या खेपेला झालंय. यावेळी शहराबाहेरचं, कमी गर्दीचं आणि जरा इतिहास असलेलं काहीतरी दाखवायचंय. गाडी घरची आहे, एक अख्खा शनिवार हाताशी आहे.

काल रात्री नकाशा उघडून बसलो आणि हा बेत केला: थेऊर – भुलेश्वर – मोरगाव – लोणी भापकर – जेजुरी – पुरंदर – सासवड – दिवे घाट – घर. सगळं एका फेरीत येतंय, उलटं जावं लागत नाही. जमेल ना?

सह्यवेडा
जमेल की. फक्त कुठेही गाडीतून खाली उतरू नका.

चेष्टा राहू दे. पुरंदर आधी काढून टाका. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते आणि संध्याकाळी ५ ला बाहेर काढतात. तुमच्या क्रमाने तुम्ही तिथे पोचाल तेव्हा गडावरून लोक उतरत असतील. शिवाय १४ मे १६५७ ला शंभूराजे जन्मले ती ही जागा. १६६५ मध्ये मुरारबाजी देशपांडे इथे लढता लढता पडले, आणि त्याच वर्षी ११ जूनला मिर्झाराजांशी तह होऊन २३ किल्ले द्यावे लागले. इतकं सगळं जिथे घडलं तिथे अर्धा तास 'टेकून' यायचं? पुरंदर आणि शेजारचा वज्रगड यांना वेगळा दिवस द्या.

जेजुरीही वगळा. पायऱ्या चढताना आत्यांचे हाल होतील, आणि शनिवार-रविवारी तिथे निवांतपणा मिळणार नाही.

भाची आणि मेहुण्यांचे पाय चालते असतील तर त्याऐवजी सोनोरीचा मल्हारगड घ्या. पायथ्यापासून अर्ध्या-पाऊण तासाची चढण, धोक्याचं काही नाही.

घरकोंबडा
दोन मोठी नावं एका फटक्यात उडवलीत! पण ५ चं गणित माझ्या डोक्यात नव्हतं, त्यामुळे आभार. मल्हारगडाचं नाव ऐकलंय, तिथे बघण्यासारखं काय आहे?

सह्यवेडा
मराठेशाहीत बांधलेला शेवटचा किल्ला म्हणून तो ओळखला जातो. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला. दिवे घाटावर नजर ठेवायला ही जागा निवडली. वर उभं राहिलं की निवड का केली ते सांगावं लागत नाही. गड लहान आहे, बाहेरचा तट साधारण त्रिकोणी, आत चौकोनी बालेकिल्ला, त्यात एक खंडोबाचं आणि एक महादेवाचं देऊळ. विहिरी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. सावली जवळजवळ नाहीच. हवा स्वच्छ असेल तर पुरंदर-वज्रगडाची जोडी समोर, मागे कानिफनाथाचा डोंगर आणि लांबवर सिंहगड. म्हणजे तुमचा पुरंदर 'बघून' होईल, नुसता लांबून.

शंकासुर
१७५७-६० म्हणजे पानिपताच्या तोंडावर. तोवर मैदानी तोफखान्याचे दिवस आले होते. अशा वेळी तोफखान्याच्याच प्रमुखाने डोंगरावर किल्ला का बांधावा? मला हे कायम गमतीचं वाटत आलंय.

सह्यवेडा
प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, हा किल्ला वेढा सोसायला बांधलेलाच नाही. आकार बघा, शिबंदी किती मावणार? ही घाटावरची चौकी आहे आणि सरदाराच्या गावाजवळची राखण आहे. पानशांची गढी खाली सोनोरीतच. माझं मत हं, पुराव्याचा कागद माझ्याकडे नाही.

दगडफूल
भुलेश्वराचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. बाकी काहीही कापा, पण भुलेश्वर दिवसातलं पहिलं ठिकाण ठेवा आणि किमान दोन तास द्या. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जायचं, तिथून उजवीकडे वळायचं, गाडी पार देवळाच्या जवळपर्यंत जाते. शेवटचा चढ वळणाचा आहे, एवढंच.

आता बघायचं कसं ते सांगते, कारण बहुतेक लोक तिथे जातात, दर्शन घेतात, 'किती तोडफोड केलीय हो' म्हणतात आणि पंधरा मिनिटांत खाली.

बाहेरून देऊळ देऊळ वाटतच नाही. घुमट आहेत, मिनारासारखे उंच भाग आहेत, पुढे जाड भिंत आहे. दारातून आत गेलात की समोर परत भिंत, आणि कडेच्या अरुंद जिन्याने वर चढायचं. तिथून आत पाय ठेवला की एकदम काळोख आणि थंडावा. डोळे सरावायला दोन-चार मिनिटं जाऊ द्या. मग हळूहळू खांब दिसू लागतात, नंदी दिसतो, आणि मग लक्षात येतं की चहूबाजूंची एकही फूट भिंत मोकळी नाही.

हा काळोख मूळचा नाही. खालचं काळ्या पाषाणाचं काम यादवकाळातलं, साधारण १३ व्या शतकातलं. वरचे चुना-विटांचे घुमट आणि भिंती फार नंतरच्या, मराठा काळातल्या. ब्रह्मेंद्रस्वामींनी जीर्णोद्धाराला मोठा खर्च केल्याचं सांगतात. आजोबांच्या दगडी घरावर नातवाने विटांचा मजला चढवावा तसं झालंय. शिल्पं उजेडासाठी कोरली होती, ती आता अंधारात आहेत.

म्हणून विजेरी हवीच, मोबाइलची चालेल. पण मूर्तीवर समोरून उजेड मारू नका, सगळं सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. मग बघा, गुळगुळीत वाटणाऱ्या हातावर वाकी उमटते, कमरेच्या साखळीची एकेक कडी वेगळी होते, अंबाड्यात खोचलेलं फूल दिसतं. सुरसुंदरी, वादक, रामायण-महाभारतातले प्रसंग, सगळं आहे. बहुतेकांचे चेहरे आणि हात गेलेत, तरी उभं राहण्याचा डौल गेलेला नाही.

आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर मान वर करून शोधा: स्त्रीरूपातला गणपती. सोंड आहे, पोट आहे, आणि शरीर बाईचं. वैनायकी म्हणतात, गावात कुणी गणेश्वरीही म्हणतं. भाचीला शोधायला लावा, मोठ्यांच्या आधी तिलाच सापडेल.

शंकासुर
दगडफूल, नेहमीप्रमाणे सुरेख. पण तो पेढ्यांचा चमत्कार सांगितला नाहीत? पिंडीखालच्या खळग्यात पेढ्यांचं ताट ठेवतात आणि बाहेर काढलं की एखादा पेढा कमी झालेला असतो म्हणे.

दगडफूल
सांगितला नाही कारण तो सगळेच सांगतात. :-) ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ठेवावा, ज्यांची नाही त्यांनी खाली किती बिळं आहेत त्याचा विचार करावा. माझं म्हणणं एवढंच की लोक पेढ्याचं काय झालं ते बघायला वाकतात आणि डोक्यावरच्या कोरीवकामाकडे बघत नाहीत.

सह्यवेडा
भुलेश्वराबद्दल एक भर. तो नुसता देवळाचा डोंगर नाही, किल्ला आहे. १६३० च्या सुमाराला आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली. ती कथा आपण शाळेत वाचतो आणि तिथेच सोडतो. त्याच मुरार जगदेवाने नंतर या डोंगरावर तटबंदी उभारून इथून मुलखावर वचक ठेवला. किल्ल्याचं नाव दौलतमंगळ. चढताना बुरुजाचे, तटाचे अवशेष दिसतात, पण गाडीची काच वर असेल तर दिसणार नाहीत. शेवटच्या टप्प्यात कुणीतरी उतरून चालत या.

घरकोंबडा
हे भारी आहे! म्हणजे एकाच डोंगरावर यादव, आदिलशाही आणि मराठे असे तिघंही?

दगडफूल
तेच तर. भाचीला इतिहास विषय असेल तर वर्षभराचं पुस्तक एका भिंतीवर दाखवता येईल.

बसप्रवासी
मी गाडीविना फिरणारा, त्यामुळे धाग्यावर थोडी वेगळी नोंद. यवत स्टेशन पुणे–दौंड मार्गावर आहे, लोकलसारख्या गाड्या थांबतात. पण यवत ते भुलेश्वर बसच्या भरवशावर राहू नका, रिक्षा ठरवून थांबवून घ्यावी लागते. सासवडला मात्र पुण्याहून एसटी आणि पीएमपीच्या भरपूर बस आहेत. एकट्याने जाणाऱ्यांनी दोन्ही एका दिवसात करू नयेत.

कऱ्हाकाठ
सासवडकर हजर. आधी एक निषेध नोंदवतो. सासवडला 'पुण्याबाहेरचं' म्हटलं की आम्हाला जरा टोचतं. बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांनी पेशवेपद दिलं १७१३ मध्ये. त्यांचं बिऱ्हाड सासवडला, पाठीशी इथले पुरंदरे. दिल्लीहून सनदा घेऊन ते परतले आणि एप्रिल १७२० मध्ये सासवडलाच वारले. समाधीही इथेच आहे. शनिवारवाड्याचा पाया खणला १७३० मध्ये. तोवर पेशवे कुटुंबाचं घर म्हणजे सासवड, आणि पुणं हा सासवडहून घाट उतरून जायचा गाव होता. त्यामुळे धाग्याच्या नावात 'पुण्याहून' आहे ते ठीक, पण 'शहराबाहेरचं' वगैरे जरा जपून!

आता कामाचं. सासवडमध्ये वेळ कमी असेल तर या क्रमाने बघा.

संगमेश्वर: कऱ्हा आणि चांबळी नद्यांच्या संगमावर. मोठा दगडी घाट, वर देऊळ, दीपमाळ, शिखरावर चुन्यातलं काम. संध्याकाळी ४ नंतर जा, उन्हं देवळावर येतात. पायऱ्या आहेत पण रुंद आहेत, आत्यांना बसत बसत जमतील.

चांगावटेश्वर: नदीच्या पलीकडे, थोडं उंचावर. हे जुनं. खांबांवरचं कोरीवकाम बघायला जायचं. गर्दी कधीच नसते. भुलेश्वर बघून आलेल्याला कदाचित साधं वाटेल, पण इथे उजेड आहे, तो फायदा.

सोपानकाकांची समाधी: ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानदेव, १२९६ मध्ये समाधी. आत्यांसाठी हे चुकवू नका. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढून इथे दोन मुक्काम करते आणि सोपानकाकांची पालखी इथूनच निघते. (वारीच्या त्या दिवसांत गाडीने यायचा विचारही करू नका, घाट वाहनांना बंद असतो.)

पुरंदरे वाडा: गावाच्या मध्यात. भक्कम दरवाजा, दोन्ही अंगांना बुरूज, उंच तट. समोर उभं राहिलं की शनिवारवाडा आठवतोच. पण ही खासगी मालमत्ता आहे, आत जायचं तर विचारून, आणि नाही म्हटलं तर नाही. बाहेरूनही दहा मिनिटं उभं राहण्यासारखं आहे.

तिखटमीठ
एवढे विद्वान जमलेत आणि जेवणाचं कुणी बोलत नाही. पुरंदर तालुका म्हणजे अंजीर आणि सीताफळ. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. जानेवारीत सीताफळं संपलेली असतील पण अंजिराचा बहर असतो. रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेले शेतकरी दिसतील, पानांवर मांडलेली घ्या, आणि घरी न्यायची असतील तर किंचित कच्ची मागा. मऊ घेतलीत तर दिवे घाट उतरेपर्यंत जाम झालेला असेल. जेवायला सासवडच्या आसपास पिठलं-भाकरी कुठेही बरी मिळते. भुलेश्वराच्या डोंगरावर भरपेट जेवणाची अपेक्षा ठेवू नका, डबा न्या.

शंकासुर
तिखटमीठ यांच्यामुळे धागा जमिनीवर आला.

घरकोंबडा
सगळं वाचून सुधारित बेत: पहाटे निघून भुलेश्वर – तिथून माळशिरस, पारगाववरून सासवड – जेवण – सोनोरी, मल्हारगड – परत सासवड, संगमेश्वर – दिवे घाटाने घरी. थेऊर जाताना घ्यावं की नको? आत्याला चिंतामणीचं दर्शन हवंय.

दगडफूल
शनिवारी सकाळी थेऊरला रांग लागली तर भुलेश्वरचा वेळ खाल्ला जाईल. पण आत्यांची इच्छा असेल तर अगदी लवकर उरका. तिथे थोरल्या माधवरावांचा शेवट झाला, १८ नोव्हेंबर १७७२. रमाबाई सती गेल्या त्याची खूणही नदीकडे आहे. देवळातून बाहेर पडणारे निम्मे लोक तिकडे फिरकत नाहीत.

कऱ्हाकाठ
भुलेश्वर–सासवड वाटेवर थोडी वाट वाकडी करायची तयारी असेल तर खानवडी. महात्मा फुल्यांचं कुटुंब मूळचं कटगुणचे गोऱ्हे, पूर्वज खानवडीला येऊन राहिले आणि पुढची पिढी पुण्यात फुलांच्या धंद्यात गेली म्हणून फुले झाली. गावात स्मारक आहे. पारगाव, खानवडी, वनपुरी, उदाचीवाडी, हा सगळा पट्टा पुरंदर विमानतळासाठी प्रस्तावित आहे आणि गावकऱ्यांचा विरोध आहे. म्हणजे आज जी शेतं, अंजिराच्या बागा बघाल, त्या पुढे काय होतील हा प्रश्नच आहे. इथे राजकारण नको म्हणून थांबतो, पण त्या रस्त्याने जाताना फलक दिसले की ते का लागलेत हे ठाऊक असावं.

शंकासुर
बरोबर. ते फलकही एक दिवस इतिहासात जमा होतील. अ‍ॅडमिनने धागा बंद करायच्या आत विषय बदलू या. सोनोरीत गडाखेरीज काय बघायचं?

कऱ्हाकाठ
पानशांची गढी आणि देवळं. गढीचे बुरूज अजून उभे आहेत, आत लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. गावात मुरलीधराचं देऊळही आहे, त्यातली मूर्ती नुसती बघायला लोक येतात. ज्यांना गड चढायचा नाही त्यांनी गावात थांबावं, तासभर आरामात जातो. दुसरी वाट दिवे घाट संपल्यावर झेंडेवाडीकडून आहे, पण आत्यांना बरोबर घेऊन सोनोरीच बरी. सोनोरी सासवडपासून ६ किलोमीटरच्या आसपास.

(इथे मधले काही 'माहितीपूर्ण धागा', '+१' आणि 'वाचनखूण साठवली' असे प्रतिसाद सोडून देतो. – घरकोंबडा, पहिल्या पानावर दुवा द्यायला सोपं जावं म्हणून)

घरकोंबडा
जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, आणि हा वृत्तान्त, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

आत्याच्या हट्टापुढे थेऊर घेतलंच, पण उजाडताउजाडता पोचल्यामुळे रांग अशी नव्हती. रमाबाईंची जागा विचारत गेलो. फुलवाल्या मावशींनी हातातलं काम ठेवून दाखवली आणि 'कोण कुठून आलात' ची चौकशीही केली.

भुलेश्वरला पोचलो तेव्हा आमच्याखेरीज फक्त पुजारी आणि एक नवं जोडपं होतं. दगडफूल म्हणाल्या तसं झालं. मेहुणे बाहेरून बघून म्हणाले, 'हे मशिदीसारखं का दिसतंय?' आणि आत शिरल्यावर बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत. आत्या नंदीशेजारी टेकली आणि 'तुम्ही फिरा, मी इथून सगळं बघते' म्हणून जी बसली ती बसलीच. भाचीने विजेरी भिंतीला लावून धरली होती. एका नर्तिकेचं मनगट उजेडात आलं. हात पंज्यापाशी तुटलेला, पण तुटल्या जागेच्या बोटभर खाली तीन बांगड्या शाबूत, प्रत्येकीवर वेगळी नक्षी. कुणी फोटो काढायचं विसरलं. वैनायकी भाचीलाच सापडली आणि तिथून पुढे ती आमची वाटाड्या झाली.

तटाचे अवशेष मी चालत उतरताना बघितले, बाकीचे गाडीतून. मुरार जगदेवाची गोष्ट आत्याला सांगितली तर ती म्हणाली, 'पुणं जाळलं आणि इथे येऊन देवळाच्या अंगणात तळ दिला? धन्य आहे.' नंतर वाटभर तिला जिजाऊंचा सोन्याचा नांगर आठवत राहिला.

पुढचा रस्ता मस्त. दुतर्फा बागा. अंजीर घेतले, तिखटमीठ यांचा सल्ला मानून कच्चे घेतले. खानवडीचा फाटा मात्र सोडावा लागला, तेवढा वेळ उरला नाही.

सोनोरीत बहीण आणि आत्या मुरलीधराच्या देवळात थांबल्या. आम्ही तिघं गडावर. चढ सोपा, पण जानेवारीतही दुपारी डोक्यावर ऊन होतं, टोपी-पाणी हवंच. महादरवाजातून आत गेलं की पडका वाडा, विहिरी कोरड्या, कोपऱ्यात बालेकिल्ला. पुरंदर-वज्रगड समोर एकदम स्पष्ट. मेहुणे तटावर उभे राहून रस्त्याकडे बघत म्हणाले की इथून घाटात कुणी आलं तर लपायला जागा नाही. शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे थोडं मिळालं, सह्यवेडाचं 'चौकी' हेच बरोबर वाटतं. तक्रार एकच: तटाच्या आडोशाला प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग होता. जमेल तेवढ्या पिशवीत भरून खाली आणल्या.

सासवडला पोचायला उशीर झाला, त्यामुळे चांगावटेश्वर राहिलं. सोपानकाकांची समाधी आणि संगमेश्वर झालं. पुरंदरे वाडा बाहेरून. येताना दिवे घाटात मस्तानी तलाव वरून दिसतो म्हणून गाडी हळू केली, पण शनिवार संध्याकाळची रांग बघता थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

शंकासुर
मान्य, चौकी. पण 'तोफखान्याच्या प्रमुखाने' हा भाग अजून तसाच लटकतोय.

कऱ्हाकाठ
चांगावटेश्वर राहिलं म्हणजे परत यावं लागणार. येताना कळवा. मस्तानी तलाव बघायचा तर घाटातून नाही, खाली वडकी गावातून जावं लागतं. पावसाळ्यानंतर पाणी चांगलं असतं. बाजीरावांच्या काळातला म्हणतात. बांधकाम जवळून बघण्यासारखं आहे, पण पाण्यात उतरू नका, काठावरून घसरायला होतं.

अनोळखी_पाहुणा
धागा वाचून आमचाही बेत ठरतोय. आई व्हीलचेअरवर असते. भुलेश्वर शक्य आहे का?

दगडफूल
प्रामाणिकपणे, आतल्या अरुंद जिन्यामुळे नाही. अंधारही आहे, उंबरे उंच आहेत. आईंसाठी सासवडची समाधी आणि थेऊर ही दोन ठिकाणं जास्त सोपी पडतील, तरी थोड्या पायऱ्यांची तयारी ठेवा आणि उचलायला दोघं बरोबर असू द्या. आणि श्रावणात भुलेश्वर टाळा, विशेषतः सोमवारी. तेव्हा जत्रा असते आणि शिल्पांपाशी दोन मिनिटंही उभं राहता येत नाही. महाशिवरात्रीलाही तेच.

तिखटमीठ
अंजिरांचं काय झालं ते सांगितलं नाहीत, घरकोंबडा.

घरकोंबडा
कच्चे घेतले होते ना, त्यामुळे घरी पोचले. आत्याने नागपूरला न्यायला निम्मे बाजूला काढले, उरलेले रात्रीच संपले. आता विचारतो, लोणी भापकर, मोरगाव आणि त्या बाजूचं वेगळ्या दिवशी करायचंय. मोरगाव आत्याच्या यादीत आहे, बाकीचं माझ्या.

दगडफूल
तो दिवस अगदी सुटसुटीत होतो. मोरगाव सकाळी, तिथून लोणी भापकर. मल्लिकार्जुनाचं देऊळ, समोर कोनाडे असलेली पुष्करणी, आणि यज्ञवराहाची मूर्ती. वराहाच्या अंगावरच्या झुलीवरचं कोरीवकाम बघायला परत बाजूने विजेरी लागेल. भैरवनाथाचं देऊळ गावातच आहे. येताना पांडेश्वर, कऱ्हेकाठी, विटांचं जुनं बांधकाम असलेलं. जेजुरी मध्येच येते, ती त्यादिवशीही वगळाच. नवा धागा काढा, मी लोणी भापकरच्या पुष्करणीचे फोटो तिकडे टाकते.